वज्रकोट आणि खलाटी : दार लावून बसलेल्या महासत्तेचं एक प्रकरण

वज्रकोट हा देश नकाशावर सापडणार नाही. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत आम्ही काही जण पावसाळ्यात एखादं काल्पनिक प्रकरण घेऊन त्यावर भांडतो. यंदाचं प्रकरण म्हणजे वज्रकोट. बसणारी बहुतेक स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी. जोडीला शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणारे एक काका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब आणि कायदा शिकवणाऱ्या एक मॅडम. प्रकरण मी रचलं होतं, म्हणून टिपण लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. बैठकीत काय झालं ते यात आहे, आणि माझं मत जिथे वेगळं आहे तिथे तेही आहे.

परिस्थिती

वज्रकोट खंडाएवढा. धान्य, कोळसा, तेल, पोलाद सगळं घरचं. अण्वस्त्रं आहेत. आरमार जगात सर्वांत मोठं, पण ते स्वतःची सागरी हद्द ओलांडत नाही. दोन पिढ्यांपूर्वी दुसऱ्यांच्या युद्धात पडून लाखो माणसं गमावल्यावर या देशाने दार लावून घेतलं. कुणाशी तह नाही, कुठे वकिलात नाही, कुणाची वकिलात आपल्याकडे नाही. परदेशी व्यापार चालतो तो शंखबेट नावाच्या एकाच बेटावर, तोही पिढीजात परवाने असलेल्या मूठभर सावकारांमार्फत. शाळेत पोरांना शिकवलं जातं, आपण कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

वज्रकोटाच्या डोंगरात धवला नदी उगम पावते आणि खाली खलाटी या चिमुकल्या देशातून समुद्राला मिळते. समुद्रापलीकडे सागरसंघ आहे, व्यापारी देशांची युती, आरमारात वज्रकोटाच्या खालोखाल.

एका पावसाळ्यात वज्रकोटाच्या धरणांचे दरवाजे रात्री उघडले. पहाटेपर्यंत खलाटीची राजधानी पाण्यात होती. तक्रार करायची तर वज्रकोटात फोन उचलणारं कुणी नाही. शंखबेटावर एक पत्रपेटी आहे, ती महिन्यातून दोनदा उघडतात. खलाटीने मग सागरसंघाकडे मदत मागितली. मदत आली आणि तिच्या मागोमाग नदीच्या मुखाशी आरमारी तळाचा करारही आला. शिवाय पुरातून जीव वाचवत, चालत वर सरकलेली खलाटीची काही हजार माणसं वज्रकोटाच्या सीमेवर अडकून पडली आहेत.

वज्रकोटाच्या मंत्रिमंडळाने घाईने एक परराष्ट्र कचेरी काढली आणि तिला तीन महिन्यांत शिफारस मागितली. आम्हाला बसवलं होतं ते या कचेरीच्या खुर्चीवर.

पहिला तास वाया गेला

वाया म्हणजे अगदी वाया. दोन फळ्या पडल्या. एक म्हणे, सीमा आणखी घट्ट करा. दुसरी म्हणे, दारं सताड उघडा, जागतिक संघटनांत शिरा, नेतृत्व घ्या. एका पोराने तिसरंच काढलं : सैन्य घालून खलाटी ताब्यात घ्या, तळाचा प्रश्नच मिटतो. "नाद खुळा!" म्हणून मागचा बाक हसला, पण प्रस्ताव हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एकटे राहणारे देश शेजाऱ्यांच्या बाबतीत एकटे राहतातच असं नाही. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या सिनेटने राष्ट्रसंघाला नकार दिला, तेव्हा अमेरिकेचे मरीन सैनिक हैतीत होतेच. १९१५ ला उतरले ते १९३४ ला निघाले. युरोपच्या भांडणापासून लांब राहायचं धोरण कॅरिबियनला कधी लागू झालंच नाही.

जपानचं उदाहरण तर येणारच होतं. १६३० च्या दशकात तोकुगावा राजवटीने देश बंद केला, नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर डचांना तेवढं ठेवलं, १८५३ ला अमेरिकी नौदलाचा पेरी चार काळी जहाजं घेऊन आला आणि दार मोडलं. हा दाखला इथे चुकीच्या जागी लावला जातो, असं माझं मत आहे. वज्रकोटाच्या बंदरात कुणी काळी जहाजं घेऊन येणार नाही. यायची हिंमतच कुणाची नाही. दुबळ्या देशाने बंद राहण्यातला धोका आणि बलाढ्य देशाने बंद राहण्यातला धोका हे दोन वेगळे विषय आहेत. पहिल्यात बंद राहणारा मरतो, दुसऱ्यात शेजारी.

देजिमातून घेण्यासारखं वेगळंच काहीतरी आहे. डच लोक दरवर्षी जगाच्या बातम्यांचा अहवाल शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, दरबारी देत. १८४४ ला तर खुद्द डच राजाने पत्र पाठवून दार उघडण्याचा सल्ला दिला होता, आणि पेरी निघाल्याची खबर १८५२ मध्येच पोहोचली होती. म्हणजे बातमी आत येत होती. त्या बातमीवर हालचाल करण्याचा अधिकार असलेली जागा मात्र दरबारात नव्हती. शंखबेटावरची पत्रपेटी महिन्यात दोनदाऐवजी रोज उघडली, तरी पत्र वाचून धरणावर फोन लावणारा कुणी नसेल तर उपयोग शून्य.

दारं उघडल्याचा निरोप

चर्चा वळली ती पाटबंधारेच्या साहेबांमुळे. तोवर ते गप्प बसून होते. म्हणाले, "ते सगळं ऱ्हाऊ द्या ओ. दारं उघडल्याचा निरोप खाली कुणाला गेला, तेवढं सांगा की."

कोल्हापुरात हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. जुलै लागला की इथे माणूस सकाळी उठून आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला पाणी ४३ च्या कितीतरी वर गेलं, तेव्हा कुणाच्या घरात कधी शिरणार याचा हिशेब लोक फुटाफुटाने करत होते. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणाला विचारत नाहीत. पण त्यातला एक जरी उघडला तरी कितवा उघडला, किती क्युसेक सुटले, ही बातमी भोगावतीच्या काठाने खाली पळते आणि लोक गोठ्यातली जनावरं सोडतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा परिणाम इथवर किती होतो यावर तज्ज्ञांत एकमत नाही. तरी दोन राज्यांचे अधिकारी पावसाळ्यात विसर्गाच्या आकड्यांवर एकमेकांशी बोलतात, आणि ते बोलणं थांबलं तर काय होईल याची इथल्या माणसाला धास्ती असते.

साहेबांचं म्हणणं असं : वज्रकोटाने पाणी सोडलं हा गुन्हा नव्हे, धरण फुटू द्यायचं नसेल तर सोडावंच लागतं. सोडताना सांगितलं नाही, एवढंच. "आम्ही कुणाच्या अध्यात नाही म्हणताय, आणि तुमचं पाणी त्यांच्या देवघरात."

माझ्या मते प्रकरणाची किल्ली इथेच आहे. वज्रकोट कधी एकटा नव्हताच. त्याच्या धरणांचा, त्याच्या धान्याच्या भावाचा, त्याच्या आरमाराच्या कवायतींचा परिणाम बाहेर होतच होता. दार लावून त्याने स्वतःची जबाबदारी तेवढी आत ठेवली. १९२० च्या दशकातली अमेरिका पाहा. राष्ट्रसंघात नाही, पण १९२४ च्या डॉझ योजनेपासून (जर्मनीच्या युद्धभरपाईचे हप्ते लावून देणारी योजना) जर्मनीचं अर्थकारण अमेरिकी कर्जावर उभं. १९३० ला स्मूट-हॉली कायद्याने आयातकर वाढवले, तो निर्णय घरातला होता; उलट कर लावले ते कॅनडाने आणि युरोपातल्या देशांनी. मग परराष्ट्र कचेरीपुढचा प्रश्न 'उघडायचं का' असा राहत नाही. आपल्या हालचालींचा अंदाज दुसऱ्याला कसा येऊ द्यायचा आणि आधी कशाचा, एवढाच राहतो.

खलाटीची भूमिका करणारी मुलगी गडहिंग्लजची. तिने दुपारनंतर एकच वाक्य तीनदा म्हटलं : "आम्हाला तुमची मैत्री नको, तुमची वेळ सांगा."

आज्ञापत्र उलटं धरून

इथे कायद्याच्या मॅडमनी घरचाच दाखला काढला. रामचंद्रपंत अमात्य, गगनबावड्याचे. राजाराम महाराज जिंजीला असतानाच्या पडत्या काळात राज्य सावरणारे, पुढे करवीरच्या गादीचे आधारस्तंभ. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात, या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, सावकारांवर एक प्रकरण आहे. व्यापारी ही राज्याची शोभा, त्यांना सांभाळावं, असं सांगून अमात्य टोपीकरांकडे, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांकडे, वळतात : फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरांसीस (फ्रेंच), डिंगमार (डेन). हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे राज्यकर्ते आहेत. व्यापार करू द्यावा, पण वखारीला समुद्रकिनारी, खाडीच्या तोंडाशी जागा देऊ नये. द्यायचीच तर आत, किनाऱ्यापासून लांब. पक्क्या इमारती बांधू देऊ नयेत.

पोरांनी लगेच हे वज्रकोटाला लावलं : परदेशी व्यापारी येऊ द्या, पण लगाम ठेवा. मॅडम म्हणाल्या, नीट बघा, या प्रकरणात टोपीकर कोण आहे?

टोपीकर वज्रकोटच आहे. त्याचा व्यापारी उद्या खलाटीत दुकान थाटेल तेव्हा त्याच्या मागे जगातलं सर्वांत मोठं आरमार उभं असेल, मग ते आरमार बंदरातून हलो न हलो. अमात्यांचे नियम लहान राज्याने स्वतःला वाचवण्यासाठी लिहिलेले. महासत्तेने ते उलटे धरून वाचावेत आणि शेजारी मागायच्या आधी त्या अटी स्वतःवर घालून घ्याव्यात. या बैठकीतला सर्वांत कामाचा मुद्दा मी हाच मानतो. वज्रकोटाने लेखी द्यावं की आपल्या व्यापाऱ्याचं देणं बुडालं म्हणून एकही जहाज खलाटीकडे वळणार नाही.

हे स्वप्नरंजन नाही. १९०२ मध्ये ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांनी थकीत कर्जापायी व्हेनेझुएलाच्या बंदरांची नाकेबंदी केली. त्यावर अर्जेंटिनाचे परराष्ट्रमंत्री लुइस द्रागो यांनी, सार्वजनिक कर्ज वसुलीसाठी शस्त्रबळ वापरू नये, असा सिद्धांत मांडला आणि १९०७ च्या हेग परिषदेत तशा आशयाचा करार झाला. त्यात पळवाट होती : कर्जदार लवादाला नाही म्हणाला तर बंधन सुटतं. वज्रकोटाच्या मसुद्यात मॅडमनी ती पळवाट काढून टाकली. फाउंड्रीच्या काकांना ते अजिबात रुचलं नाही. "मग उधारी कोण देईल त्यांना?" हा त्यांचा सवाल रास्त होता. उत्तर असं निघालं की उधारी देणाऱ्याने जोखीम बघून द्यावी, जशी शिरोलीतला माणूस देतो. त्याच्या पाठीशी कुठलं आरमार असतं?

व्यापार आधी की कागद आधी

काका पहिल्यापासून म्हणत होते, माल घेणं-देणं सुरू करा, बाकी सगळं मागून येतं. चीनचा कँटनचा अनुभव याच्या उलट सांगतो. १७५७ पासून पाश्चात्त्यांशी व्यापार एकाच बंदरात, ठरावीक व्यापारी संघामार्फत. राजकीय बोलणी करायला जागाच नाही. १७९३ ला ब्रिटनचा वकील मॅकार्टनी येऊन गेला, बादशहाने आम्हाला तुमच्या वस्तूंची गरज नाही असं कळवलं. व्यापार वाढत गेला, त्यात अफू शिरली, तंट्याला वाट मिळाली नाही, आणि १८३९ ला अफूचं युद्ध पेटलं. माल वाढला म्हणून बोलणी आपोआप सुरू होत नाहीत.

पण काकांनीच पुढे जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. त्यांच्या कारखान्यात कास्टिंग होतात, वाहनउद्योगासाठी. एक मोठं गिऱ्हाईक होतं, बहुतेक माल तिकडेच जायचा. एका महिन्यात तिकडून शेड्यूल कापलं गेलं. भट्टी थंड, मोल्डिंग लाइन बंद, वाळू तशीच पडून, बिहारी कामगार विचारायला लागले गावी जाऊ का. गिऱ्हाइकाने काही वाईट केलं नव्हतं, त्यांची गाडी विकली जात नव्हती, बस्स. त्यानंतर एका घराला किती माल द्यायचा यावर काकांनी स्वतःच मर्यादा घातली.

खलाटीचं तेच होणार. वज्रकोटाने दार उघडून त्यांचा सगळा तांदूळ, सगळी मासळी उचलायला सुरुवात केली की पाच वर्षांत खलाटीला दुसरं गिऱ्हाईक उरणार नाही. वज्रकोट ती खरेदी कधीतरी घरगुती कारणाने थांबवेल, आणि खलाटी पुन्हा सागरसंघाच्या दारात. तेव्हा खरेदीची कमाल मर्यादा वज्रकोटाने स्वतःच ठरवावी, अशी अट मसुद्यात गेली. मोठ्याने कमी घ्यायचं ठरवणं पोरांना विचित्र वाटलं. मला ती अट मसुद्यातली सर्वांत व्यवहारी वाटते.

शिफारशीचा क्रम

पहिल्या आठवड्यात सीमेवरच्या माणसांना आत घेणं. यावर वज्रकोटाच्या गृहखात्याची बाजू मांडणाऱ्याने खूप ताणलं : पिढ्यान्पिढ्या परका माणूस न पाहिलेल्या जनतेत हजारो परके! उत्तर द्यायला लांब जावं लागलं नाही. कोल्हापूरशेजारी वळिवडे येथे १९४३ पासून काही वर्षं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बायका-मुलंच जास्त, सोव्हिएत छावण्यांतून इराणमार्गे आलेले. भाषा वेगळी, धर्म वेगळा, जेवण वेगळं. वळिवडे बुडालं नाही. आज वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. तो निर्णय एकट्या संस्थानाचा नव्हता, वर ब्रिटिश सरकार होतं, हे मान्य. तरी भीतीचा मुद्दा निकाली निघाला.

त्याच आठवड्यात धवलेवरच्या धरणांचे आकडे. पातळी, आवक, विसर्ग, तासातासाला, खलाटीला आणि कुणालाही दिसतील असे. दोन्ही बाजूंना चोवीस तास माणूस असलेला एक फोन. १९६२ च्या क्युबा पेचात वॉशिंग्टन-मॉस्को निरोपांना तासन् तास लागले, म्हणून पुढच्या वर्षी थेट संपर्कतार आली. शहाण्यांनी पेचाआधी ती टाकावी.

माफी मागायची का, यावर बराच वेळ गेला. तो मला वाया वाटतो. खलाटीला पैसे आणि पूरमापन केंद्रं द्यावीत, केंद्रं खलाटीच्या माणसांनी चालवावीत, कागदावर 'खेद' लिहावा. पुढे जावं.

नंतर टपाल, हवामान, साथीचे रोग अशा रुक्ष संघटना. भाषणं ठोकायची सभा सर्वांत शेवटी. सोव्हिएत संघ १९४९ ला जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडला होता. परत आल्यावर १९५८ च्या सभेत त्याचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव यांनी जगभरातून देवीचा रोग हटवण्याचा प्रस्ताव मांडला, आणि नंतर सोव्हिएत संघाने लसही मोठ्या प्रमाणावर पुरवली. १९८० ला देवी संपल्याचं जाहीर झालं. बाहेर राहिलेल्या महासत्तेने परत येताना नेतृत्व मागितलं नाही, काम आणलं. शीतयुद्ध चालूच होतं, तरी हे झालं.

आरमाराच्या बाबतीत फक्त सूचना. १९७५ च्या हेलसिंकी दस्तऐवजात, शीतयुद्धातल्या दोन्ही गटांच्या समझोत्यात, पंचवीस हजारांहून जास्त सैन्याच्या कवायतीची खबर एकवीस दिवस आधी द्यायचं ठरलं होतं. तो तह नव्हता, राजकीय वचन होतं, म्हणूनच पटकन जमलं. वज्रकोटाने धवलेच्या मुखाजवळच्या कवायतींसाठी तेच करावं आणि सागरसंघाचे निरीक्षक बोलवावेत. तळ हटवा ही मागणी मात्र करू नये. तळ पुरामुळे आला आहे. पुराची भीती कमी झाली तर खलाटीच त्याच्या भाड्याचा विचार करेल.

दुसरं बंदर वर्षभराने. शंखबेटाचे सावकार आडवे येणार, त्यांचा मक्ता जातो. त्यांना नव्या बंदरात दलालीचे परवाने देऊन गप्प करावं. हे तत्त्वाला धरून नाही, पण त्यांच्याशी तत्त्वावर भांडत बसलं तर तीन वर्षं जातील.

अडलेलं कलम

मसुद्यात एकाच कलमावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही : भांडण झालं तरी नदीचे आकडे थांबणार नाहीत, युद्ध झालं तरीही.

हे कलम घालायचं कारण आपल्याच शेजारचं आहे. ब्रह्मपुत्रेच्या पाण्याचे पावसाळी आकडे देण्याचा भारत-चीन समझोता २००२ मध्ये झाला. २०१७ ला डोकलामचा तणाव असताना त्या पावसाळ्यात आकडे आलेच नाहीत. मापन केंद्राच्या दुरुस्तीचं कारण चीनने दिलं, पुढच्या वर्षी ते पुन्हा सुरू झाले. कारण खरं असो वा नसो, नको त्या वर्षी खालच्याला आंधळं बसावं लागलं. आणि वरच्या देशांना बांधून घेणं किती जड जातं, ते १९९७ च्या मतदानात दिसलं : संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय जलप्रवाह करारावर विरोधात तीनच मतं पडली, चीन, तुर्कस्तान आणि बुरुंडी. भारत तटस्थ राहिला.

वज्रकोटाच्या सेनापतीची भूमिका करणारा पोरगा म्हणाला, युद्धात शत्रूला धरणाची पातळी सांगणं म्हणजे वेडेपणा. धरण हे शस्त्रही असतं. गडहिंग्लजची मुलगी उसळली, "म्हणूनच तर कलम हवंय!" तिची मागणी होती, मापनयंत्रं वज्रकोटाच्या हद्दीत, पण त्यांवर माणसं खलाटीची. सेनापतीने ती ठाम नाकारली. साहेबांनी तोडगा सुचवला : यंत्रं स्वयंचलित ठेवा, आकडा एकाच वेळी दोन्हीकडे जाऊ दे, आणि यंत्र बंद पडलं तर कारण काहीही असो, खलाटीने ते पूर आल्यासारखं धरावं आणि लोक हलवावेत, हलवण्याचा खर्च वज्रकोटाचा. मुलीने हे मान्य केलं. सेनापतीने खर्चाची अट मान्य केली, स्वयंचलित यंत्राची नाही. मसुद्यात ते कलम कंसात ठेवलं आहे, दोघांच्या हरकती खाली जोडून.